वि. स. खांडेकर
विष्णु सखाराम खांडेकर (जन्म : सांगली, ११ जानेवारी १८९८, मृत्यू : मिरज, २ सप्टेंबर १९७६) हे मराठी कादंबरीकार, कथाकार व लघुनिबंधकार होते. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते बदलले. १९२० ते १९३८ या काळात ते कोकणातील शिरोडे येथे शिक्षक होते. पुढे कोल्हापुरात स्थायिक झाले. ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९७४ साली ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे ते पहिले मराठी साहित्यिक ठरले.

‘ययाति’त महाभारतातील कथा ययाती, देवयानी व शर्मिष्ठा स्वतः सांगतात. त्यामुळे एकच संसार राजाला, राणीला आणि दासी झालेल्या राजकन्येला निरनिराळा दिसतो. रशियन विचारवंत मिखाईल बाख्तिन यांच्या सिद्धान्तानुसार बहुस्वरतेसाठी केवळ अनेक निवेदक पुरेसे नसतात. पात्रांचे आवाज लेखकाच्या मताहून स्वतंत्र राहावे लागतात. या कसोटीवर ‘ययाति’ अर्ध्या वाटेवर थांबते. देवयानी व शर्मिष्ठा यांना तिने स्वतःची बाजू मांडण्याचा अधिकार दिला. मात्र निवेदक नसलेल्या कचाच्या संयमाकडेच तिचा नैतिक कौल झुकतो.