रामानुजन आणि मद्रास विद्यापीठाची संशोधन-शिष्यवृत्ती

गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या अल्प आयुष्याला शिष्यवृत्तीने दोनदा वळण दिले : एकदा ती गेल्याने व एकदा ती मिळाल्याने.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी ईरोड येथे झाला. बालपण कुंभकोणम येथे गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात रामानुजन यांना शिष्यवृत्ती मिळाली. परंतु गणिताव्यतिरिक्त इतर विषयांकडे लक्ष नसल्याने ते अनुत्तीर्ण झाले व शिष्यवृत्ती बंद पडली. शुल्क भरणे घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात शिकल्यानंतर एफ. ए. परीक्षेतही १९०७ मध्ये त्यांना अपयश आले आणि पदवीचा मार्ग खुंटला.

१९१० मध्ये आपल्या वह्या घेऊन ते व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटले. अय्यर हे १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे संस्थापक होते. या परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तिच्याच नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजन यांचा बर्नुली संख्यांवरील पहिला निबंध प्रसिद्ध झाला. काही काळ आर. रामचंद्र राव यांनी त्यांना दरमहा २५ रुपयांचे साहाय्य दिले. मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपये वेतनावर कारकुनी करू लागले.

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले. पुढच्याच महिन्यात वेधशाळा-विभागाचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्यांचे काम पाहून विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे शिफारस केली. १९ मार्च रोजी गणिताच्या अभ्यासमंडळाने दरमहा ७५ रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती सुचविली. अडचण नियमांची होती : संशोधन-शिष्यवृत्तीसाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक होती, आणि येथे तर साधी पदवीही नव्हती. तेव्हा विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा व १९०४ चा विद्यापीठ कायदा यांचा आधार घेण्यात आला. संशोधनास उत्तेजन देणे हे विद्यापीठाच्या कर्तव्यांपैकी एक होय, या मूळ हेतूपुढे नियमावली गौण ठरली. सिंडिकेटने मंजुरी दिली, शासनाची संमती मिळाली आणि पोर्ट ट्रस्टने रजा दिली.

१ मे १९१३ पासून रामानुजन ट्रिप्लिकेन भागात राहून केवळ गणित करू लागले. दर तिमाहीस अहवाल सादर करावा, अशी अट होती. तिला अनुसरून त्यांनी मार्च १९१४ पर्यंत तीन अहवाल दिले. निश्चित संकलांविषयीचे त्यांतील विवेचन पुढे त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयाचा आधार ठरले.

त्याच महिन्यात ते इंग्लंडला निघाले. त्यासाठी वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती मद्रास विद्यापीठानेच दिली. १९१६ मध्ये केंब्रिजने संशोधनाच्या आधारे त्यांना पदवी दिली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

विद्यापीठाने पुढील पाच वर्षांसाठी पुन्हा २५० पौंड देऊ केले, तेव्हा रामानुजन गंभीर आजारी होते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी कुलसचिवांना कळविले की, आईवडिलांसाठी ५० पौंड व आपला आवश्यक खर्च वजा जाता उरलेली रक्कम शिक्षणकार्यासाठी, विशेषतः गरीब व अनाथ मुलांचे शुल्क कमी करण्यासाठी आणि शाळांना पुस्तके देण्यासाठी वापरावी. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. शुल्काअभावी शिक्षण कसे थांबते, हे ते स्वानुभवाने जाणत होते.