जुळलेला हिशेब, चुकलेली रक्कम

तमिळनाडूत कडलूरजवळ समुद्रकाठी ईस्ट इंडिया कंपनीचा सेंट डेव्हिड नावाचा किल्ला होता. २९ जुलै १७५१ रोजी तिथे एक इंग्रज इंजिनिअर आजारपणात वारला. वय चव्वेचाळिशीचे, लग्न केलेले नाही. कंपनीसाठी अहवाल लिहीत असतानाच हातातली लेखणी सुटली, असे सांगतात. त्याचे नाव बेंजामिन रॉबिन्स. बंदुकीतून सुटलेली गोळी किती वेगाने जाते, हे भरवशाने मोजून दाखवणारा तो पहिला माणूस.

मी स्वतः बंदूक कधी हातात धरलेली नाही. आयुष्य बँकेत, लेजरे जुळवण्यात गेले. तरीही हा माणूस मला फार जवळचा वाटतो. का, ते पुढे सांगतो.

रॉबिन्सचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधल्या बाथ गावी, क्वेकर कुटुंबात झाला. शस्त्र न धरणारा हा पंथ. घरची स्थिती बेताची, पण मुलगा गणितात असा तयार की विसाव्या वर्षी, १७२७ साली, रॉयल सोसायटीचा सभासद झाला. लंडनमध्ये शिकवण्या केल्या, क्वेकरांचा साधा वेष सोडला, पूल, गिरण्या, बंदरे आणि तटबंदी यांच्या कामात शिरला. न्यूटनचा कट्टर भक्त आणि लेखणीचा तिखट. १७३९ साली त्याने ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाच्या ग्रंथावर कडक टीका केली. वालपोल सरकारवरही पुस्तिका लिहिल्या. वुलिचच्या नव्या लष्करी शाळेत गणिताच्या जागेसाठी १७४१ मध्ये प्रयत्न केला. ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्या शाळेत शिकवण्यासाठी म्हणून जे योजले होते, तेच पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आले. पुस्तकाचे नाव, तोफखान्याची नवी तत्त्वे.

तोवर गोळंदाजांचे शास्त्र म्हणजे गॅलिलिओची परवलयाची आकृती. हवेचा अडथळा मनावर घेण्याइतका नाही, अशी समजूत होती. ती खरी की खोटी हे ठरवायला गोळीचा वेग कळायला हवा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. रॉबिन्सने युक्ती केली. लोखंडी पत्र्यावर जाड लाकडी ठोकळा बसवून तो तिकाटण्याला टांगला. या लंबकाचे वजन छप्पन्न पौंडांच्या आसपास. गोळी पौंडाचा बारावा हिस्सा. गोळी लाकडात रुतली की लंबक मागे झुलायचा, आणि खाली बांधलेली फीत जितकी ओढली जाई तितका झोका. गोळीच्या पावणेसातशे पट जड वस्तू किती हलली हे कळले, की गोळी किती वेगाने आली ते त्रैराशिकाने निघते. सेकंदाला दीड हजार फुटांचा वेग दोन-सव्वादोन फुटांवर उतरवून त्याने तो पट्टीने मोजला.

उत्तर आले सेकंदाला सुमारे सतराशे फूट. परवलयाच्या हिशेबाने अशी गोळी सतरा मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही धड जात नव्हती. हवा नगण्य नव्हती. या वेगाला हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या शंभर पटींहून अधिक भरत होता. शिवाय वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला की हा विरोध एकदम वाढतो, हेही त्याने नोंदवले. १७४६ साली त्याला कॉप्ली पदक मिळाले. १७४५ मध्येच ऑयलरने, ज्याच्यावर रॉबिन्स तुटून पडला होता त्यानेच, पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला आणि मूळ मजकुराहून कितीतरी मोठी टिपणे जोडली.

हे झाले वेगाचे. दुसरा प्रश्न दाबाचा. नळीत दारू पेटते तेव्हा आत किती जोर असतो? निर्वात केलेल्या भांड्यात तापलेल्या लोखंडावर दारू टाकून किती वायू सुटतो ते रॉबिन्सने पाऱ्याच्या नळीवर पाहिले. दारूच्या आकारमानाच्या सुमारे २४४ पट वायू. उष्णतेने तो आणखी चौपट ताणला जातो. म्हणजे दाब हवेच्या दाबाच्या हजारपट. सगळी दारू गोळी हलण्याआधीच जळून जाते असे धरून त्याने वेग काढला. तो लंबकाच्या वेगाशी जुळला. एवढे जुळल्यावर शंका कोण घेणार?

इथे मला माझे प्रकरण आठवते. एका तालुक्याच्या शाखेत सहामाहीचे बॅलन्सिंग होते. रात्री दहाला बेरीज पैशासकट जुळली. आम्ही चहा मागवला. दोन महिन्यांनी एक शेतकरी पासबुक घेऊन आला. त्याच्या खात्यात पाचशे रुपये कमी होते. माझ्याच हातून ते दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले होते. एकूण बेरीज अर्थातच बरोबर होती. जुळलेली बेरीज खाती बरोबर असल्याचा पुरावा नसते, हे मी त्या दिवशी शिकलो.

रॉबिन्सचेही तसेच झाले. दारू क्षणात जळत नाही, पेटत पेटत जळते. काही वायू गोळीच्या कडेने निसटतो. त्याने धरलेला दाब कमी होता आणि दारूचे जळणे जास्त वेगवान. दोन चुकांनी एकमेकींना झाकले. रम्फर्डने १७९७ साली काढलेला आकडा उलट फारच फुगला. अखेर १८७५ साली नोबल आणि एबल यांनी बंद पोलादी भांड्यात दारू उडवली आणि आतला तांब्याचा ठोकळा किती चेपला यावरून दाब मोजला. भांडे दारूने पूर्ण भरलेले असता आकडा आला सुमारे चौसष्टशे पट. रॉबिन्सच्या सहापटींहून जास्त.

अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसे घरी भरणारे हौशी नेमबाज आजही याच दोन प्रश्नांपाशी असतात. वेग सोपा आहे. एका पेटीच्या दोन प्रकाशपडद्यांवरून गोळी गेली की आकडा दिसतो. दाब मोजण्याचे साधन घरात नसते. मग झाडलेल्या काडतुसाच्या बुडाची टोपी चपटी झाली का, पुंगळी नळीत अडकली का, ही चिन्हे पाहायची. पिस्तुलात ती उशिरा दिसतात. दिसतात तेव्हा मर्यादा कधीच ओलांडलेली असते. पुस्तकातल्या वेगाशी आपला वेग जुळला म्हणजे दाबही जुळला, असे मानणाऱ्याला हाताची बोटे गमवावी लागू शकतात.

रॉबिन्सला मात्र मी कमी लेखणार नाही. त्याने काय मोजले आणि काय गृहीत धरले, दोन्ही उघड लिहून ठेवले. म्हणूनच पुढच्यांना चूक सापडली. कंपनीने १७४९ साली त्याला मुख्य इंजिनिअर नेमले, आणि जुलै १७५० मध्ये तो किल्ले मजबूत करायला आपल्या किनाऱ्यावर उतरला. शस्त्र न धरणाऱ्यांच्या घरात जन्मलेला माणूस तोफांचे गणित घेऊन आला. त्या गणिताची किंमत पुढे या देशाने मोजली, हेही त्याच खात्यात लिहायला हवे.

सेंट डेव्हिडचा किल्ला १७५८ साली फ्रेंचांनी घेतला आणि पाडून टाकला. ज्या तटांसाठी रॉबिन्सने प्राण वेचले, ते सात वर्षेही टिकले नाहीत. त्याचा लाकडी लंबक मात्र आजही शाळेच्या भौतिकीत झुलतो आहे.