बाटलीवरची विधवा

परवा भाचीनं घरी वाईन टेस्टिंगची पार्टी ठेवली. तीही आपल्या सोलापुरात! मावशीनं यायलाच हवं, असा तिचा हट्ट. मी विडी कामगार बायकांच्या वस्तीत काम करते, दारूनं उठलेली घरं रोज बघते. त्यामुळे कपाळाला आठ्या घालूनच गेले.

ग्लास तिरका धरून आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग जेमतेम घोटभर तोंडात घोळवायची. मध्ये पाणी आणि साधा पाव. मी आपली कोकम सरबतावरच! तेवढ्यात भाचीनं परदेशातून आणलेली पिवळ्या लेबलची एक बाटली दाखवली. तिच्यावरच्या 'व्हव क्लिको' या नावातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ विधवा, हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. घरी आल्यावर या बाईंची माहिती शोधून काढली.

बार्ब-निकोल यांचा जन्म १७७७ चा, फ्रान्सच्या रीम्स गावचा. वडिलांचा कापडाचा मोठा धंदा, म्हणजे अगदी आपल्या सोलापूरसारखं! १७९८ मध्ये फ्रान्स्वा क्लिकोशी लग्न झालं. सासरी कापडाबरोबर वाईनचाही व्यापार होता. १८०५ मध्ये नवरा वारला. पदरात लहान मुलगी आणि वय अवघं २७!

त्या काळी तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नसे. विधवेला मात्र येई. सासरे धंदा बंद करायच्या विचारात होते. बाईंनी त्यांना गळ घातली. एका जाणकार भागीदाराच्या हाताखाली चार वर्षं धंदा शिकल्या आणि १८१० मध्ये स्वतःच्या नावानं कंपनी उभी केली. नाव देताना 'विधवा' हा शब्द लपवला नाही.

दिवस युद्धाचे होते, बंदरं बंद, माल पडून. १८१४ मध्ये युद्ध संपत आलं, तेव्हा बंदी पुरती उठायच्या आधीच त्यांनी दहा हजारांवर बाटल्या जहाजानं रशियाकडे रवाना केल्या. माल पकडला असता, तर सगळंच बुडालं असतं. पण इतरांच्या आधी पोचला आणि हातोहात खपला!

शॅम्पेनमध्ये गाळ राही. १८१६ च्या सुमारास त्यांनी टेबलाला भोकं पाडून त्यात बाटल्या उलट्या लावल्या. रोज थोड्या थोड्या फिरवल्या की गाळ बुचाशी जमतो आणि काढून टाकता येतो. हे टेबल स्वयंपाकघरातलं होतं, असं सांगतात. पुढे सगळ्यांनीच ही पद्धत उचलली. बाईंनी दुसरं लग्न केलं नाही. १८६६ मध्ये ८८ व्या वर्षी त्या गेल्या.

मैत्रिणींनो, दारूबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण आमच्या वस्तीतली एक जण आठवली. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी तीच चालवते. दळण तिचं, हिशेब तिचा, पाटीवर नाव अजून त्याचं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गल्लीत असा ठराव कधी होणार?

तोवर मी एवढं ठरवलंय. येत्या संक्रांतीला माझ्या घरी पहिलं वाण तिला, आणि नव्या पाटीसाठी रंगाचा डबा माझ्याकडून!