वकिलांचे गुरुजी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की भारताची राज्यघटना आठवते. परंतु होतकरू वकिलांसाठी त्यांनी केलेले कार्य थोड्यांनाच ठाऊक आहे.

त्यांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. मूळ गाव मात्र आपल्या कोकणातलेच, आंबडवे. लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. पण मुंबईस परतल्यावर सनदेची फी भरण्यास पैसे नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले आणि १९२३ साली वकिली सुरू झाली. अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर त्यांना कामे देत नसत. चरितार्थासाठी ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. पुढे १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात त्यांनी पुण्यास आरोपींना सोडवले आणि त्यांचे नाव झाले.

१ जून १९३५ रोजी ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी १९३६ साली लेख लिहिला. नुसती कलमे पाठ करून वकील घडत नाही, असे त्यांचे मत होते. मूलतत्त्वे पक्की हवीत, वाचन चौफेर हवे, मुद्दे क्रमाने व स्वच्छ भाषेत मांडता यावेत, आणि विचारलेल्या प्रश्नाला उभ्या उभ्या नेमके उत्तर देता यावे. १९३८ पर्यंत ते त्या पदावर होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले.

आपली जी मुलेमुली कायद्याचा अभ्यास करीत आहेत, त्यांनी ही शिकवण ध्यानी ठेवावी.