थोरांची ओळख : आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो

मुलांनो, बाजारात केळी डझनावर मिळतात, लिंबेही डझनावर मिळतात. डझनभर केळी आणि डझनभर लिंबे यांची संख्या सारखीच, बारा. पण वजन सारखे भरेल का? मुळीच नाही. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा. आज ज्या थोर शास्त्रज्ञाची आपण ओळख करून घेणार आहोत, त्याच्या विचाराचे मर्म हेच आहे.

आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीतील तुरीन शहरात झाला. घराणे सरदारी आणि कायदेपंडितांचे. मुलानेही तीच वाट धरली. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी धर्मकायद्यातील डॉक्टर ही पदवी मिळवली आणि वकिली सुरू केली. पण मन काही रमेना. १८०० च्या सुमारास त्यांनी गणित आणि पदार्थविज्ञान यांचा अभ्यास आपला आपणच सुरू केला. १८०६ मध्ये ते तुरीनला विज्ञानाचे प्रयोग करून दाखवणारे शिक्षक झाले. १८०९ मध्ये व्हेर्चेल्ली या लहानशा गावी त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. वकील होता तो असा शास्त्रज्ञ झाला, बरं का!

त्या काळी शास्त्रज्ञांपुढे एक कोडे होते. इंग्लंडच्या डाल्टनने सांगितले होते की, प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो आणि रासायनिक क्रियेत अणू फुटत नाही. फ्रान्सच्या गे-ल्युसॅकला आढळले की, दोन घागरी हायड्रोजन आणि एक घागर ऑक्सिजन यांपासून दोन घागरी वाफ तयार होते. आता गंमत पाहा. एका घागरीतला ऑक्सिजन दोन घागरींत वाटला गेला. मग ऑक्सिजनचा प्रत्येक कण दुभंगला की काय? डाल्टनला हे पटेना.

१८११ मध्ये अ‍ॅव्होगॅड्रो यांनी हे कोडे सोडवले. त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात कणांची संख्याही सारखीच असते. दुसरी, ऑक्सिजनचा कण एकटा नसून दोन अणूंची जोडी असते, हायड्रोजनचाही तसाच. जोडी सुटते, अणू मात्र फुटत नाही. या कणालाच आपण आज रेणू म्हणतो. झाले! कोडे सुटले.

पण जगाने काय केले? काहीच नाही. एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना चिकटूच शकत नाहीत, असे त्या वेळच्या मोठमोठ्या पंडितांचे मत होते. शिवाय अ‍ॅव्होगॅड्रो पॅरिस आणि लंडनपासून दूर राहत. त्यांचे लेखनही समजायला अवघड असे. त्यांचा निबंध तसाच पडून राहिला.

१८२० मध्ये ते तुरीनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८२१ मध्ये तिथे राजाविरुद्ध उठाव झाला. त्याच्या धामधुमीत काही दिवसांनी त्यांची जागाच गेली. १८३४ मध्ये ती परत मिळाली आणि पुढे १८५० पर्यंत त्यांनी शिकवले. राहणी साधी, मिरवण्याची हौस नाही. ९ जुलै १८५६ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्या विचाराला कुणी फारसे ओळखत नव्हते.

चारच वर्षांनी, १८६० मध्ये, जर्मनीतील कार्लस्रूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. त्या दिवसांत कुणी पाण्याचे सूत्र एक लिहायचा, कुणी दुसरे. नुसता गोंधळ! तेव्हा कानिझारो या इटालियन शास्त्रज्ञाने आपल्या देशबांधवाचा विसरलेला विचार सर्वांपुढे ठेवला. हळूहळू तो सगळ्यांना पटला. एकोणपन्नास वर्षे लागली, पण खरे ते पुढे आलेच.

पुढे शास्त्रज्ञांनी कणांचा एक मोठा ‘डझन’ ठरवला. त्याचे नाव मोल. डझनात बारा नग, तर मोलमध्ये किती? ६०२२ लिहा आणि त्यापुढे वीस शून्ये द्या. साधारण इतके कण! फ्रान्सच्या पेरँ यांनी १९०९ मध्ये या संख्येला अ‍ॅव्होगॅड्रोचे नाव दिले. त्यांनी स्वतः ही संख्या कधी मोजली नव्हती, पण वाट त्यांनीच दाखवली होती. २०१९ पासून ही संख्या जगभर कायमची ठरवून टाकली आहे.

एवढे कण मोजायचे कसे? मोजायचे नाहीत, तोलायचे! एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, एक मोल मीठ म्हणजे ५८.५ ग्रॅम, एक मोल साखर म्हणजे ३४२ ग्रॅम. केळी-लिंबांसारखेच, संख्या तीच, वजन वेगळे. यालाच मोलचे वस्तुमान म्हणतात. आणि एक लिटर द्रावणात किती मोल विरघळले आहेत, ती त्या द्रावणाची संहती. डोंबिवली-अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांत रंग आणि औषधे करताना रसायनतज्ज्ञ हाच हिशेब करतात.

आपल्या ठाण्याच्या खाडीकाठची, भाईंदरची मिठागरे तुम्ही ऐकून असाल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात अर्ध्या मोलपेक्षा थोडे कमी मीठ असते. आगरी बांधव ते पाणी वाफ्यांत अडवून उन्हात आटवतात. संहती वाढत वाढत पाच मोलच्या आसपास गेली की पाण्यात मीठ मावेनासे होते आणि खाली बसते.

पालकहो, आता एक महत्त्वाची गोष्ट. जुलाब झालेल्या मुलाला द्यायच्या ओआरएसच्या एक लिटर पाण्यात ग्लुकोजचे ७५ आणि सोडियमचेही ७५ मिलिमोल असतात. मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग. वजने वेगळी, कण मात्र सारखे! आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत शिरते आणि त्यांच्यामागून पाणी शिरते, म्हणून हे प्रमाण जपले आहे. मोठे पाकीट एक लिटरचे असते, २०० मिलिलिटरची छोटी पाकिटेही मिळतात. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतकेच पाणी घ्या. मोठे पाकीट एका पेल्यात कालवले तर संहती फार वाढते आणि मुलाला अपाय होतो. पाणी जास्त घातले तर औषध पातळ होऊन गुण येत नाही.

अ‍ॅव्होगॅड्रो यांना हयातीत मानसन्मान फारसा लाभला नाही. पण आज ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यावर एखादी आई लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाकीट मिसळते, तेव्हा त्या मापामागे त्यांचाच विचार उभा असतो.