दगडावरची अक्षरे जमवणारे डॉक्टर

डॉ. भाऊ दाजी लाड यांचे खरे नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म गोव्याचा, घरची गरिबी. १८५१ साली ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. गरिबांना फुकट औषध देत.

पण त्यांना आणखी एक नाद होता. जुन्या पोथ्या, नाणी, ताम्रपट आणि शिलालेखांच्या नकला जमवायच्या! ऊनपावसाने लेण्यांतली अक्षरे झिजत चाललेली, आणि डोंगर काही उचलून घरी आणता येत नाही. म्हणून त्यांनी जुनागढचे भगवानलाल इंद्रजी यांना पगारावर ठेवले. ते रानावनात हिंडून अक्षर न् अक्षर उतरून आणत. डॉक्टरकीचा पैसा यातच जाई. अजिंठ्याचे लेख भाऊंनी वाचून छापले.

१८७४ साली ते वारले. त्यांच्या पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. राणीच्या बागेतल्या म्युझियमला १९७५ साली त्यांचे नाव दिले.