शिव्या खाऊन जगलेला माणूस

आधीच सांगून टाकते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात. आणि दुसरं म्हणजे, विषय वाचून मुलींनी नाक मुरडू नये. हो, मी कुस्ती बघते. मातीतली नाही, टीव्हीवरची. मामेभावाकडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांचा एक जुना, कोपरे झिजलेला गठ्ठा होता, तिथून हे वेड लागलं. आमच्या आजोबांना मात्र ते बिलकुल पसंत नव्हतं. ते सांगलीकडचे, तरुणपणी तालमीत जाऊन शड्डू ठोकलेले. त्यांच्या मते हे सगळं ठरवून केलेलं नाटक, कुस्ती नव्हेच. त्यांच्याशी वाद घालायला मुद्दे हवेत म्हणून मी वाचायला लागले आणि एका माणसापाशी अडकले. फ्रेडी ब्लासी. तो २००३ मध्ये गेला, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी.

जन्म १९१८ चा, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला. आईवडील जर्मनीतून आलेले, घरची परिस्थिती यथातथाच. पोरगा मांसाच्या दुकानात कापाकापीचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात कुस्ती. १९३० च्या दशकात तो रिंगमध्ये उतरला. मग दुसरं महायुद्ध आलं, हा नौदलात गेला. परत आल्यावर खलाशी फ्रेड ब्लासी या नावाने लढायला लागला. देशासाठी गणवेश घातलेला, सरळमार्गी, लोकांचा लाडका वगैरे. थोडक्यात हिरो. पण असे हिरो तेव्हा गल्लोगल्ली होते, त्यामुळे बिचारा गर्दीतला एक.

इथे थोडा फंडा सांगावा लागेल. या धंद्यात दोन जाती असतात. सज्जन पैलवानाला म्हणतात बेबीफेस आणि व्हिलनला म्हणतात हील. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. पण ते ठरलेलं आहे ही गोष्ट बाहेर कुणालाही कळू द्यायची नाही, असा त्या लोकांचा अलिखित कायदा होता. त्याला केफेब म्हणायचे. हिरो आणि व्हिलनने एका गाडीतून फिरायचं नाही, एका हॉटेलात जेवायला बसायचं नाही, घरच्यांनाही खरं सांगायचं नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कंपनीनेच सरकारसमोर हा खेळ नसून करमणूक आहे असं मान्य केलं, तेव्हा कुठे ते गुपित अधिकृतपणे फुटलं. फ्रेडीची जवळजवळ सगळी कारकीर्द त्याच्या आधीची. म्हणजे समोर बसलेल्या हजारो लोकांपैकी बऱ्याच जणांना तो खरोखरचाच नालायक माणूस वाटायचा.

१९५० च्या दशकात दक्षिणेकडच्या राज्यांत, जॉर्जिया वगैरे भागात, तो हील झाला. केस ब्लीच करून सोनेरी केले, चमकीचे कोट शिवून घेतले आणि प्रेक्षकांना तोंडावर कमी लेखायला सुरुवात केली. खलाशी असताना जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते आता झालं. त्याला मार खाताना बघण्यासाठी लोक तिकिटं काढायला लागले.

आपल्याकडे निळू फुल्यांबद्दल सांगतात ना, की खेडेगावातल्या बायका त्यांना खरोखर शिव्या द्यायच्या. पण निळूभाऊ पडद्यावर असायचे, पडदा आणि प्रेक्षक यांच्यात अंतर होतं. फ्रेडीला रिंगमधून ड्रेसिंग रूमपर्यंत त्याच गर्दीतून चालत जावं लागायचं. त्या दहा-वीस पावलांत काय काय व्हायचं! आपल्याला वीसपेक्षा जास्त वेळा चाकू लागले असं तो पुढे सांगत असे. त्याच्या बोलण्यात मसाला असायचाच, त्यामुळे आकडा थोडा कमी धरा हवा तर. पण त्या काळात व्हिलनवर हल्ले व्हायचे ही गोष्ट खरीच आहे.

मी स्वतः फर्स्ट इयरला गॅदरिंगच्या एकांकिकेत व्हिलन होते. सासूचा रोल. लोकांनी जाम हूटिंग केलं. पण ते मी वाईट बाई वाटले म्हणून नाही, संवाद विसरले म्हणून! त्या रात्री हॉस्टेलवर उशीत तोंड खुपसून रडले होते. तेव्हापासून मला या माणसाचं जास्तच नवल वाटतं. हूटिंग हाच त्याचा पगार होता. ज्या दिवशी लोक गप्प बसतील त्या दिवशी नोकरी गेली.

असो. १९६० च्या सुमाराला तो लॉस एंजेलिसला आला आणि इथे त्याला त्याचं खरं हत्यार सापडलं, ते म्हणजे तोंड. टीव्हीवर मुलाखत सुरू झाली की हा माणूस समोरच्या पैलवानाला, निवेदकाला, घरी सोफ्यावर बसलेल्या प्रेक्षकांना, सगळ्यांना एका दमात धुवून काढायचा. त्याची एक ठेवणीतली शिवी होती, पेन्सिल-नेक गीक. पेन्सिलीएवढी मान असलेला बावळट, असा तिचा अर्थ. मला विचाराल तर मराठीत याला काडीपैलवान हा एकच शब्द आहे, आणि तो मूळ शिवीपेक्षा भारी आहे. पुढे १९७० च्या दशकात याच शिवीवर त्याच्या आवाजात गाण्याची रेकॉर्डसुद्धा निघाली आणि रेडिओवर वाजली.

१९६१ मध्ये त्याने एदुआर कार्पेंतिए याला हरवून तिथला डब्ल्यूडब्ल्यूए चा जागतिक किताब घेतला. आणि त्या किताबामुळे तो पोहोचला जपानला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात अंगावर येणारा भाग मला हाच वाटतो.

जपान तेव्हा युद्धातल्या पराभवातून सावरत होता. तिथे १९५३ मध्ये टीव्ही आला. सुरुवातीला घरोघरी सेट कुठले, लोक चौकात लावलेल्या टीव्हीसमोर गर्दी करायचे, आणि बघायचे काय तर रिकिदोझान. हा आधीचा सूमो मल्ल. धिप्पाड अमेरिकन पैलवानांना तो कराटेच्या फटक्यांनी लोळवायचा आणि सगळा देश जणू युद्धाचा हिशोब चुकता झाल्यासारखा खूश व्हायचा. गंमत म्हणजे जपानचा हा राष्ट्रीय हिरो मुळात कोरियात जन्मलेला होता आणि ते लपवून ठेवलेलं होतं. म्हणजे केफेब फक्त व्हिलनच्या नशिबी होतं असं नाही.

मार्च १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला रिकिदोझानने फ्रेडीकडून किताब घेतला आणि एप्रिलमध्ये टोकियोत पुन्हा सामना ठरला. फ्रेडी तिथे पोहोचला आणि फोटोग्राफरांसमोर त्याने खिशातून कानस काढून स्वतःचे दात घासायला सुरुवात केली! दाताला धार लावतोय म्हणे. जपानी पेपरांनी त्याला रक्तपिपासू पिशाच्च करून टाकलं. मग त्या दौऱ्यातल्या सामन्यांत तो प्रतिस्पर्ध्यांच्या कपाळाला चावायचा आणि रक्ताच्या धारा लागायच्या. इथे आजोबांसाठी एक खुलासा. चावणं नाटकी असलं तरी रक्त खरं असायचं. पैलवान ब्लेडचा बारीक तुकडा लपवून ठेवायचे आणि स्वतःच्याच कपाळावर हळूच चीर द्यायचे. कपाळाची जखम उथळ असली तरी रक्त खूप येतं, त्यात घाम मिसळला की सगळा चेहरा लाल.

हे सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं. आणि ते बघताना काही वयस्कर प्रेक्षक धक्क्याने दगावले, अशा बातम्या पेपरात आल्या.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण फ्रेडीने पुढे आयुष्यभर या गोष्टीची जाहिरात केली. दर वेळी सांगताना मेलेल्यांचा आकडा वाढायचा. माणसं मेल्याचा अभिमान कुणी मिरवतं का? काही जण म्हणतात तो त्याच्या भूमिकेचा भाग होता. मला ते पूर्ण पटत नाही. भूमिका म्हणून सांगितली तरी त्या घरांमध्ये कुणाचे तरी आजोबा टीव्हीसमोर बसले असतील. त्याचा विनोद मला आवडतो, त्याची हिंमत आवडते, पण हा भाग मला आजही पचत नाही, आणि आवडता माणूस आहे म्हणून तो मी लपवणार नाही.

रिकिदोझानचाही शेवट वाईट झाला. डिसेंबर १९६३ मध्ये टोकियोतल्या एका नाइटक्लबमध्ये त्याला एका गुंडाने भोसकलं आणि आठवड्याभरात तो गेला.

आणि फ्रेडी? जो माणूस जपानी पोरांच्या स्वप्नात भूत म्हणून यायचा, त्याने १९६८ मध्ये एका जपानी मुलीशीच लग्न केलं. मियाको तिचं नाव. हे त्याचं तिसरं लग्न, आणि हेच टिकलं, शेवटपर्यंत. सासरच्या मंडळींना जावई कोण आहे ते सांगताना काय झालं असेल याची कल्पना करून मी खूप हसले आहे.

लॉस एंजेलिसमध्ये एव्हाना वेगळीच भानगड झाली होती. इतकी वर्षं शिव्या देऊन देऊन लोकांना त्याचा लळा लागला होता. शिव्यांच्या जागी टाळ्या यायला लागल्या. मग मे १९७१ मध्ये टीव्हीच्या कार्यक्रमात जॉन टोलोस नावाच्या हीलने डॉक्टरच्या बॅगेतली रक्त थांबवायची पावडर काढून फ्रेडीच्या डोळ्यांत फेकली. त्याला आता कायमचं दिसणार नाही, असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं. जुना व्हिलन एका क्षणात सगळ्या शहराचा हिरो! अर्थात ते कथानक होतं. २७ ऑगस्ट १९७१ ला लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये, म्हणजे जिथे १९३२ चं ऑलिंपिक झालं होतं तिथे, दोघे समोरासमोर आले. २५,८४७ प्रेक्षक. फ्रेडीचं वय तेव्हा ५३. आमच्या वडिलांना या वयात चौथ्या मजल्यावर पाण्याची बादली नेताना धाप लागते.

आम्ही मेकॅनिकलवाले लॅबमध्ये फटीग टेस्ट करतो. लोड फार नसतो, पण तोच तो पुन्हा पुन्हा दिला की चांगलं स्टील एक दिवस तडकतं. लाकडी फळ्यांवर ताणलेल्या कॅनव्हासवर वर्षानुवर्षं पाठीवर आपटून घेणाऱ्या माणसाचं काय होत असेल? गुडघे, पाठ, सगळं कामातून गेलं. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची कुस्ती थांबली.

पण तोंड शाबूत होतं. न्यूयॉर्कच्या कंपनीने त्याला मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे हिशोब बघणारा नव्हे. पैलवान दणकट आहे पण बोलता येत नाही, अशा हीलच्या वतीने बोलायचं, रेफ्रीचं लक्ष उडवायचं, आणि शेवटी हिरोच्या हातून थोडा प्रसाद खायचा, हे त्याचं काम. फ्रेडी, लू अल्बानो आणि ग्रँड विझार्ड हे तिघे तिथले व्हिलन मॅनेजर, एकाहून एक वस्ताद. हल्क होगन, जो पुढे अमेरिकेचा सगळ्यात मोठा हिरो झाला आणि २०२५ मध्ये वारला, तो सुरुवातीला हील म्हणून याच फ्रेडीच्या हाताखाली होता. १९७६ मध्ये टोकियोत मोहम्मद अली आणि अँतोनिओ इनोकी यांचा तो विचित्र सामना झाला, पंधरा राउंड, इनोकी बराच वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारतोय, आणि निकाल बरोबरीत. त्यात अलीच्या बाजूने मॅनेजर म्हणून फ्रेडीच होता. जगातला सगळ्यात बोलका बॉक्सर आणि जगातला सगळ्यात बोलका पैलवान एका कोपऱ्यात. इनोकीला बोलायला जागा तरी मिळाली असेल का!

सगळ्यात गाजले ते इराणचा आयर्न शेख आणि रशियाचा निकोलाय वोल्कॉफ. इराणमध्ये अमेरिकन लोक ओलीस ठेवले गेल्याचा राग ताजा होता, रशियाशी शीतयुद्ध चालू होतं. वोल्कॉफ सामन्याआधी सोव्हिएत राष्ट्रगीत गायचा आणि प्रेक्षक हाताला येईल ते रिंगमध्ये फेकायचे. प्रत्यक्षात तो युगोस्लाव्हियातून पळून आलेला होता! २६ डिसेंबर १९८३ ला शेखने बॉब बॅकलंडकडून जागतिक किताब घेतला आणि महिन्याभरात, २३ जानेवारी १९८४ ला, होगनने तो शेखकडून घेतला. म्हणजे फ्रेडीचा जुना चेला जिंकला, नवा हरला. ३१ मार्च १९८५ च्या पहिल्या रेसलमेनियात शेखने फ्रेडीचीच काठी बॅरी विंडहॅमच्या डोक्यात घातली आणि शेख-वोल्कॉफ जोडीला टॅग टीमचे पट्टे मिळाले.

महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात असलेला हा माणूस रोज रात्री अमेरिकेच्या शत्रूंचा दलाल बनून शिव्या खात होता. आणि ड्रेसिंग रूममध्ये, परक्या देशातून आलेल्या त्या दोघांचा तो वडीलधारा होता.

१९८६ मध्ये त्याने हे कामही सोडलं. १९९४ मध्ये कंपनीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. मग मियाको आणि तो न्यूयॉर्कजवळ राहत होते. २००३ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या रॉ कार्यक्रमात त्याला व्हीलचेअरवर बसवून आणलं. व्हिलन मंडळी त्याच्या अंगावर जाणार इतक्यात डडली बंधू मदतीला धावले, आणि टेबल आणा ही त्यांची नेहमीची ऑर्डर त्या दिवशी फ्रेडीने सोडली. आवाज घोगरा झालेला, अंग आक्रसलेलं. समोरची सगळी गर्दी त्याच्या नावाने ओरडत होती, या वेळी कौतुकाने. २ जूनला तो गेला, ८५ व्या वर्षी.

ती क्लिप मी आजोबांना मोबाईलवर दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा बघितली. मग विचारलं, की म्हातारा कुठल्या तालमीचा?